गळ्यातली चिठ्ठी

मांजरीच्या गळ्यात मी दोऱ्याने चिठ्ठी बांधली: "ही कुणाची आहे? कुणाचीच नसेल तर मी पाळते." रोज दारात येऊन पायांत घोटाळणारी, उचलली की घुरघुरणारी मांजरी भटकी कशी असेल?

संध्याकाळी ती परत आली तेव्हा चिठ्ठीमागे उत्तर होतं: "आमची होती. आता तुम्हीच ठेवा." खाली नाव नव्हतं, पण ते वळणदार अक्षर पाहून माझं डोकंच फिरलं. त्याच अक्षरात सोसायटीच्या फळ्यावर सूचना होती: "भटक्या मांजरांना खायला घालणाऱ्यांवर कारवाई होईल. — सेक्रेटरी."

मांजरीला काखोटीला मारून मी तरातरा तिसऱ्या मजल्यावर गेले आणि बेल दाबून धरली. सेक्रेटरी ढवळीकरांनी दार अर्धंच उघडलं.

"अहो, नवा सोफा घेतला. ही नखं मारते, म्हणून खाली पार्किंगमध्ये सोडली," ते पुटपुटले.

"मग सोफा सोडायचा होता पार्किंगमध्ये! आणि वर फळ्यावर हिलाच भटकी म्हणता? लाज कशी वाटत नाही?"

मी आणखी बोलणार, तोच मांजरी माझ्या हातातून सुटली आणि त्यांच्या पायाला अंग घासत घुरघुरू लागली.

ढवळीकरांनी पाय मागे घेतला.