तळ्याकाठचं स्थळ

"इथे कुत्र्यांचं स्वागत आहे म्हणे. आपला आर्यन घाबरतो कुत्र्यांना. नकोच हा," शीलाताई फोनवर म्हणाल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला.

पलीकडे, नेदरलँड्समधल्या ऑफिसात, त्यांची एकुलती एक लेक ऐश्वर्या डबा खात होती. "बरं, मग दुसरा बघ," ती म्हणाली.

फेब्रुवारीपासून हेच चाललं होतं. गेल्या वर्षी जावयाला, दिपेशला, तिकडे नोकरी लागली आणि लेक, जावई आणि नातू आर्यन अशी तिघं कल्याणचं घर बंद करून गेली. यंदा तिकडच्या जुलैतल्या उन्हाळी सुट्टीत भारतात यायचं तर तिघांचं तिकीट परवडणारं नव्हतं. तिकडची माणसं म्हणे मुलाबाळांना घेऊन कॅम्पला जातात, जंगलात नाहीतर पाण्याकाठी आठवडाभर राहतात. तसाच एखादा स्वस्त आणि चांगला कॅम्प हवा होता. "मला वेळच होत नाही गं आई. तू शोधशील?" ऐश्वर्याने विचारलं होतं.

म्हणजे लेकीने माहेरी न येता दुसरीकडे कुठे जावं, ते आईनेच शोधायचं. शीलाताईंना ते लागलं. पण नाही कसं म्हणणार?

एक मात्र झालं. त्याआधी मायलेकींचं बोलणं दोन मिनिटांत आटपायचं. जेवलीस का, थंडी आहे का, बरं, ठेवते, तुझी कामं असतील. फोन ठेवला की नौपाड्यातल्या त्या दोन खोल्यांत संध्याकाळ खायला उठायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून माणसाचा वेळ किती जाणार? आता चारच्या चहाला फोन यायचा आणि चहाचं पार पाणी होईपर्यंत चालायचा. शीलाताई मोबाइलवर कॅम्पची पानं मराठी करून वाचायच्या आणि उपवर मुलीच्या आईने स्थळं बघावीत तसे कॅम्प बघायच्या. एकाचं न्हाणीघर लांब. एकाच्या तंबूला खालून ओल. एकाच्या फोटोत माणूस म्हणून दिसेना. खोट काढण्यात त्यांचा हात धरणारं अख्ख्या नौपाड्यात कुणी नव्हतं.

पण एक गोष्ट त्यांनी पोटात ठेवली होती. चांगला कॅम्प त्यांना पहिल्याच आठवड्यात सापडला होता. तळ्याकाठी लाकडी झोपड्या, प्रत्येकीत आपली शेगडी, मुलांना होडी, आणि भाडं लेकीने सांगितलेल्या आकड्याच्या आत. आनंदाच्या भरात त्यांनी तो ऐश्वर्याला पाठवूनही दिला. मग चहा ठेवता ठेवता त्यांच्या लक्षात आलं, हा ठरला की उद्यापासून पुन्हा जेवलीस का, बरं, ठेवते.

त्या दिवशी चारला ऐश्वर्याने विचारलं, "तळ्याकाठचा कसा वाटतो गं?"

"नको तो. पत्रिका जुळत नाही," शीलाताई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. लेकीसाठी स्थळं बघताना हे वाक्य घरात फार वापरलं गेलं होतं. अमेरिकेतल्या एका चांगल्या मुलालाही शीलाताईंनी हेच कळवलं होतं. लेक जवळ हवी म्हणून कल्याणचा जावई केला, आणि तोच तिला विमानात बसवून घेऊन गेला. देव जागा असतो तो असा.

मे महिन्यातल्या एका दुपारी शीलाताईंनी ते तळ्याकाठचं पान सहज उघडलं. वर लाल अक्षरांत आलं होतं, 'सर्व झोपड्या पूर्ण आहेत.'

आपल्या चार घटकांच्या गप्पांसाठी नातवाची सुट्टी आपण बुडवली. पोर आता सगळी सुट्टी तिकडच्या चौथ्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीत बसून काढणार. चार वाजायची वाट न बघता त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून तिकडे फोन लावला.

"ऐशू, माझं चुकलं. तो तळ्याकाठचा कॅम्प चांगलाच होता. मला तेव्हाच माहीत होतं. आता भरला गं तो," त्या म्हणाल्या. "तू फोन करायची थांबशील म्हणून मी…"



"आई, तो भरला त्यात एक झोपडी आपली आहे. मी तेव्हाच बुक केलेली."

"तेव्हा म्हणजे?"

"तू पत्रिका जुळत नाही म्हणालीस ना, त्याच दिवशी. बाकी सगळ्यांत तू खोट काढलीस. त्या एकट्यात तुला काही सापडलं नाही. मला काय माहीत नाही, आपल्या घरात पत्रिका कुणाची जुळत नाही ते?"

"मग तीन महिने मला कशाला शोधायला लावलंस?"

"तू नाहीतर लगेच फोन ठेवतेस," ऐश्वर्या म्हणाली. "आणि इथे दिवसभर मराठीत एक शब्द कानावर पडत नाही."

सवयीने शीलाताई म्हणाल्या, "बरं, ठेवते. तुझी कामं असतील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा केला आणि मोबाइल समोर ठेवला. शोधायचं काही उरलं नव्हतं. आता ती कशाला फोन करेल? चार वाजले, चहावर साय धरली. खाली रिक्षावाले भाड्यावरून भांडत होते, तेही एरवीपेक्षा मोठ्याने ऐकू येत होतं.

मग फोन वाजला.

"आई, ऑक्टोबरात पण इथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते," ऐश्वर्या म्हणाली. तोंडात घास होता. "एखादा कॅम्प बघशील का? स्वस्तातला."

शीलाताईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"बघते की. पण घाई करू नकोस हं बाई," त्या म्हणाल्या. "पत्रिका जुळायला वेळ लागतो."