बारा आवाज

संगणकाचा पडदा वाचून दाखवणाऱ्या आणि कुणालाही सुधारता येणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या जोरावर अंध आत्या टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करायची. मागच्या आवृत्तीनं तिचा संगणक दिवसभर मुका केला. “पुन्हा झालं तर घरी बसा,” साहेबानं बजावलं. म्हणून तिनं स्मोक टेस्ट जोडली: नवी आवृत्ती सुरू होऊन एक शब्द तरी बोलते का, एवढंच आपोआप तपासणारी. पहिल्याच फेरीत आवृत्ती नापास. या सॉफ्टवेअरचा प्रकल्पप्रमुख, तिचा भाचा, फिस्कन हसला. “आत्या, तुझी टेस्टच बिघडलीय, काढून टाकतो. बारा आवाज घातलेत, बारा!” “एक तरी ऐकलास?” “मी लिहिलेत म्हटल्यावर ऐकायचं काय?” आत्यानं नवी आवृत्ती लावून इयरफोन त्याच्या कानात कोंबला. “काहीच ऐकू येत नाहीये.” तो काढायला लागला. “राहू दे,” आत्या म्हणाली. “मी आठ तास हेच ऐकलं, तू चहा होईपर्यंत तरी ऐक.”