ओरोझमातचं नाव

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मेंढी-फार्मच्या कार्यालयातला फोन वाजला. तो दुपारी वाजायचा होता, लढत झाल्यावर.

खोलीत चौदा माणसं होती. स्वतंत्र होऊन तीन वर्षं झालेला देश पहिल्यांदाच आशियाई खेळांत उतरत होता. त्याची सगळ्यात पहिली लढत ज्यूदोची होती आणि ती या गावची सून बुरुल लढणार होती. लोक उजाडल्यापासून येऊन बसले होते.

कारकून मुकाशने रिसीव्हर उचलला, थोडं ऐकलं आणि बुरुलच्या सासऱ्यापुढे धरला.

"ओरोझमात-अके, तुम्हालाच विचारतोय. राजधानीतला कुणी रशियन आहे. जाम चिडलाय."

देशाच्या पथकाचा प्रमुख गेन्नादी ल्वोविच स्पर्धेच्या ठिकाणाहून बोलत होता. तो इतका ओरडत होता की भिंतीपाशी बसलेल्यांनाही शब्द कळत होते.

"अक्साकाल," त्याने वडीलधाऱ्याला म्हणतात तसं म्हटलं, "तुमच्या सुनेची उंची किती?"

"माझ्या खांद्याला लागते."

"तुमचा खांदा मी कुठे पाहिलाय! काही खूण? व्रण?"

"हनुवटीवर. शिंगरानं लाथ मारली होती."

"हिला आहे व्रण," प्रमुख म्हणाला. मग जरा थांबून, "पण व्रण काय, कुणालाही असतो."

झालंय काय, असं ओरोझमातने विचारलं.

बुरुलला वजन घेण्याच्या टेबलावर अडवलं होतं. नव्या देशाचे पासपोर्ट अजून छापून झाले नव्हते. तिचा पासपोर्ट जुनाच होता आणि त्यावर माहेरचं आडनाव होतं. यादीत मात्र लग्नानंतरचं, म्हणजे ओरोझमातोवा. अधिकाऱ्याने तिला साधा प्रश्न विचारला, आडनाव सांग. ती 'बुरुल' म्हणाली आणि गप्प झाली. तीनदा विचारलं, तीनदा ती गप्प. देशाने भलतीच मुलगी आणून उभी केली आहे, असा आता अधिकाऱ्याला संशय होता.

"आणि खरं सांगू? मलाही तोच संशय आहे," प्रमुख म्हणाला. "तुमच्या जिल्ह्याच्या प्रशिक्षकानं हे उद्योग पूर्वीही केलेत. मी हिला दोनदाच पाहिलंय. स्वतःचं आडनाव सांगता येत नाही, अशी बाई असते का कुठे?"

"पळायच्या बेतात असणार," खिडकीपाशी बसलेली शेजारीण कालिपा म्हणाली. "नावच सांगितलं नाही, तर मागाहून शोधणार कुणाला?"

"तोंड आवर गं," ओरोझमातची बायको सोनुन म्हणाली. पण तिनेही नवऱ्याकडे पाहिलं.

ओरोझमात फोनमध्ये म्हणाला, "म्हणजे तिनं माझं नाव घेतलं नाही?"

"नाही ना! तीच तर रड आहे."

"मग ती माझीच सून आहे. घेतलं असतं, तर मला संशय आला असता."

खोली हसली. सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही, हे तिथे कुणाला सांगायची गरज नव्हती. सोनुनच्या सासऱ्याचं नाव ताश्तान. ताश म्हणजे दगड. बेचाळीस वर्षं ती दगडालाही 'ते कठीण' म्हणत आली होती.

प्रमुख हसला नाही. पण त्याचा आवाज उतरला.

"असं आहे होय! सांगतो मी दुभाष्याला. पण अधिकारी म्हणेल, गोष्ट छान आहे. त्याला आडनाव तिच्या तोंडून हवंय."

"लिहून दिलं तर?"

"यादी समोरच पडलीय, अक्साकाल. बघून कुणीही लिहील. सात मिनिटं राहिलीत. मग टेबल बंद. देशाची पहिली लढत, आणि ती न लढताच गेली, अशी नोंद होईल."

ओरोझमातने खोलीकडे पाहिलं. हसू विरलं होतं.

"विजार घातली, चालवून घेतलं," कालिपा म्हणाली. "परक्या बायांशी झोंबाझोंबी, तेही चालवून घेतलं. आता सासऱ्याचं नाव चारचौघांत? उद्या माझ्या सुना मला माझ्याच तोंडावर विचारतील, तिला चालतं, मग आम्हाला का नाही?"

या वेळी तिला कुणी गप्प केलं नाही. सोनुननेही नाही.

"फोन तिच्याकडे द्या," ओरोझमात म्हणाला.

"अता?" बापाला मारावी तशी हाक बुरुलने मारली. आवाज इतका बारीक होता की तो फक्त त्यालाच ऐकू आला.

"जेवलीस का?"

"वजन द्यायचंय, अता. कालपासून पाणीसुद्धा नाही."

"बुरुल, नाव घे."

त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मी सांगतोय. इकडचं मी बघून घेईन. घे."

पलीकडे कुणीतरी परक्या भाषेत काही विचारलं. पाठोपाठ दुभाष्याचा रशियन प्रश्न आला, तोच, चौथ्यांदा. ओरोझमातने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला आणि दुसऱ्या पंजाने झाकून घेतला. खोलीला काहीच ऐकू येईना. तो खाली बघत उभा होता. बराच वेळ गेल्यासारखं वाटलं, पण घड्याळात अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

मग त्याने रिसीव्हर टेबलावर, मुकाशच्या वह्यांशेजारी ठेवला.

"घेतलं तिनं?" कालिपाने विचारलं.

"काय माहीत," ओरोझमात म्हणाला. "लाइन तुटली."

वह्यांशेजारच्या रिसीव्हरमधून त्या दूरच्या सभागृहातला गलका येत होता. कुणीतरी वजनाचे आकडे पुकारत होतं. चौदाही माणसं ते ऐकत होती.

दहा वाजून एकवीस मिनिटांनी सोनुन उठली, टेबलापाशी गेली, रिसीव्हर उचलून फोनवर नीट ठेवला आणि कालिपाकडे वळून म्हणाली, "तुटली."