छपराखाली

"काकू, दार उघडू नका! तो कागद लावणारा माणूस परत आलाय. पोलिसांना कॉल केलाय मी," समोरच्या घरातला देवांग फोनवर ओरडला.

सुनेत्राबाईंनी दाराच्या भिंगातून पाहिलं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये बर्फ भुरभुरत होता. पायरीवर काळं जॅकेट, डोक्यावर हुड, तोंडाला मफलर. हातात काहीतरी लांबट. त्यांनी कडी पुन्हा तपासली.

सकाळीच दारावर तो कागद दिसला होता. पांढऱ्यावर काळी खूण, काजळाचं बोट ओढावं तशी. सोन्यासाठी देशी घरं हेरतात, दारावर खुणा करून जातात, असं व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होतं. यजमान, जगन्नाथराव, गेल्यापासून घरात त्या एकट्या. खूण करणाऱ्याला तेही ठाऊक असणार. घाबरून त्यांनीच देवांगला फोटो पाठवला होता.

बाहेरचा हात कागदावरून फिरू लागला. त्याची खसखस दाराआड ऐकू येत होती. तेवढ्यात वाऱ्यानं मफलर सुटला.

शेजारच्या मिसेस चो! हातात खळीचा ब्रश.

सुनेत्राबाईंनी दार उघडलं. म्हातारी ओशाळून हसली. "कागद भिजून सुटत होता," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "आमच्या पंचांगात वसंत लागला की दारावर अक्षर लावतात. संक्रांतीला तुम्ही मला तीळ दिलेत. मी तुम्हाला हे." तिचं बोट शाईवरून फिरलं. "जुनं चिनी अक्षर. आम्ही कोरियन लोक 'आन' म्हणतो. वर हे छप्पर. खाली ही बाई. म्हणजे सुखरूप."

सुनेत्राबाईंनी ते अक्षर पुन्हा पाहिलं. एवढंच तर होतं त्यांच्याकडे. एक छप्पर, खाली एक बाई. आणि सुखरूप असं एकही दिवस वाटलं नव्हतं.

"माझ्याही दारावर लावलंय," म्हातारी पुटपुटली. "तरी भीती वाटते."

कोपऱ्यावर सायरन वाजला. बर्फावर लाल-निळा उजेड सांडला. म्हातारीच्या हातून ब्रश गळला. हुडवाला, दाराशी घुटमळणारा, हातात काहीतरी धरलेला: अशी तिची खबर गेली होती. सुनेत्राबाईंना पुन्हा भीती वाटली, पण या वेळी स्वतःसाठी नव्हे. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि उंबऱ्याच्या आत ओढलं.

फोन चालूच होता. "काकू? बोला ना! घरात एकट्याच आहात ना?"

"नाही रे," त्या म्हणाल्या. "पोलिसांना सांग, छपराखाली आम्ही दोघी आहोत."