एक नंबरची जर्सी

मैदानाच्या स्टँडखालच्या खोलीत बाई फुटबॉल क्लबच्या जर्सी धुऊन इस्त्री करत. मागच्या मॅचआधी सात नंबरच्या धुतलेल्या जर्सीवर, डाव्या खांद्याला, चिखल उमटला होता. मॅचमध्ये त्या पोराचा तोच खांदा निखळला.

आज त्यांच्या मुलाची, गोलकीपरची, जर्सी गळ्यापासून खालपर्यंत सरळ कापलेली निघाली. अपघातातल्या माणसाचे कपडे दवाखान्यात कापतात, तशी. बाईंनी ती घाईघाईने पेटीत कोंबली.

"आई, माझी जर्सी?"

"वाळली नाही. मागच्या वर्षीची घाल."

"ती पोटावर बसत नाही गं."

"मग पोट आत घे."

तो हसत मैदानात गेला. शिट्टी वाजली. बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी पेटी उघडली.

जर्सी अखंड होती. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

वर स्टँडमधला गलका एकाएकी थांबला.