तहान जिंकलेले नत्थुजी

नत्थुजींना बोलायचं होतं, पण जीभ टाळूला चिकटली होती.

"महाराजानं मौन धरलं. हात जोडा," भगवंतराव अडत्यांनी लोकांना सांगितलं. लोकांनी हात जोडले.

तिवशाहून अमरावतीला जाणाऱ्या गाडीवाटेवर, कडुलिंबाखाली नत्थुजींची पाणपोई होती. वैशाखाचं ऊन मातलं होतं, तरी पन्नाससाठ माणूस जमलेलं. तीन रांजण गळ्यापर्यंत भरलेले, आणि त्यांना पाठ टेकून अडुसष्ट वर्षांचे नत्थुजी बसलेले. ओठांवर खपल्या धरल्या होत्या.

हे महाराजपण अवघ्या महिन्याभराचं. त्याआधी नत्थुजी नुसते माळी होते. वांगी-मिरची लावायचे, उन्हाळ्यात पुण्य म्हणून वाटसरांना पाणी पाजायचे. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली म्हणे, आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. तेव्हापासून ही वाट गाड्यांनी उखडून गेली होती. चैत्रात एका संध्याकाळी नत्थुजींच्या ध्यानात आलं, की आज दीडशे माणसांना पाणी पाजलं आणि आपण घोटसुद्धा घेतला नाही. तहानच लागली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांनी सहज चंद्रभान गाडीवानाला सांगितलं. चंद्रभाननं थेट पायावर डोकं ठेवलं. झालं. कापूस बाजारात पोचायच्या आधी गोष्ट पोचली.

नत्थुजींना आधी लाज वाटली. मग गोड वाटलं. मग खरंच वाटू लागलं. आयुष्यभर मातीत राबलेल्या त्यांच्या पायांना आजवर काट्यांशिवाय कुणी शिवलं नव्हतं. आता अमरावतीचे व्यापारी शिवत होते. तरी रात्री भाकरीवर ते चार घोट घ्यायचे, घास उतरावा म्हणून. भगवंतरावांनी पाणपोईच्या जागी मठ बांधायचा शब्द दिला, तेव्हा तेही सोडले. मठात बसायचं तर लबाडी कशाला. त्याला आज तिसरा दिवस होता.

काल उभं राहताना त्यांना भोवळ आली. लोक म्हणाले, अंगात देव आला. दुपारी ते कधीच्या मेलेल्या ढवळ्या बैलाशी बोलत बसले. लोक म्हणाले, महाराजांना पलीकडचं दिसतं. लघवी हळदीसारखी पिवळी झाली होती. ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही, नाहीतर लोकांनी त्याचाही काही अर्थ लावला असता.

आज छाती धडधडत होती आणि नत्थुजी घाबरले होते. पाणी मागावं तर मठ गेला. न मागावं तर जीव जातो की काय असं वाटत होतं. खरं सांगायचं तर जिवापेक्षा चंद्रभान हसेल याचीच त्यांना जास्त भीती होती.

तेवढ्यात त्यांची बायको मनकर्णा आली. आज अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घरोघरी मेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरायचा दिवस. सासऱ्याची घागर भरून ती तशीच उन्हातून निघाली होती. तिनं हात जोडले नाहीत. खाली बसली, नवऱ्याचा हात मांडीवर घेतला आणि मनगटाजवळची कातडी चिमटीत धरून सोडली. बैल मलूल दिसला की अंगातलं पाणी आटलं का, हे ती त्याच्या मानेची कातडी अशीच ओढून बघायची. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

"मले तहान नाई," नत्थुजी कसेबसे बोलले.

"ते मी इचारलं नाई."

भगवंतराव आडवे आले. "मायबाई, तप मोडू नका. पाप लागंल."

"लागू द्या. मेलेल्याले आज सारे पानी पाजून राहिले, अन् जित्याले तुमी कोरडं ठेवता? तुमच्या मठापायी माह्या कपायाचं कुकू पुसू काय?"

तिनं रांजणातलं पाणी काढलं. त्यात गुळाचा खडा आणि चिमूटभर मीठ विरघळवलं, आणि घोट घोट पाजत राहिली. पहिला घोट ठसक्यासरशी बाहेर आला. दुसरा टिकला. तिसऱ्यानंतर नत्थुजींनी तांब्या सोडलाच नाही. लोक एकमेकांकडं बघू लागले. भगवंतरावांनी धोतर झटकलं आणि गाडी जुंपायला सांगितली. चंद्रभान हसला नाही, पण जाताना पायाही पडला नाही. उन्हं कलेपर्यंत कडुलिंबाखाली नवरा-बायको आणि तीन रांजण तेवढे उरले.

जीभ मोकळी झाली, आणि नत्थुजींना रडू फुटलं. कितीतरी दिवसांनी डोळ्यांत पाणी आलं होतं.

"सिद्धी आली होती मले," ते म्हणाले. "तू मोडली."

मनकर्णा तांब्या विसळत होती. "मलेबी चार वर्सं झाले, तहान लागत नाई."

नत्थुजी तिच्याकडं बघतच राहिले. "मंग?"

"मंग काय? बैलाले पानी दावलं का आपनबी तांब्याभर पेऊन घ्याचं. तहानीची वाट नाई पाहाची."

चार वर्षं. एका घरात, एका चुलीपाशी, एवढी मोठी सिद्धी होती आणि आपल्याला पत्ता नाही. नत्थुजींना राग आला.

"मंग मले सांगतलं कावून नाई?"

"सांगतलं होतं ना," मनकर्णा म्हणाली. "तुमीच तं म्हनले, म्हतारी झाली तू, आता गुमान पानी पेत जाय."