बाटलीतला फेस

आक्का कॉलेजातनं बाटली घिऊन आली. “आपल्याच बांधावरच्या मातीतले जंतू हाईत गं, मिरचीच्या रोपांना घाल, बुरशीनं कुजणार न्हाईत.” हलवल्यावर फेस आला. मी शाळा सोडली म्हणून मला येडी समजून साबणाचं पाणी देत्या, असं वाटलं. रागानं बाटली मोरीवर रिकामी केली आन् “घातलं” म्हटलं. पंधरा दिवसांत वाफा कुजला. आक्कानं रडत वहीत लिवलं: जंतू निकामी. मग हात धुवायला गेली आन् थबकली. लागणीतनं उरलेली चार रोपं आईनं आधीच मोरीच्या सांडपाण्यावर लावलेली, तेवढीच हिरवीगार होती. “ह्यास्नी काय घातलतंस?” माझी मान खाली गेली. “तुझी बाटली. साबण वाटला मला.” “अगं, त्यो फेसच औषध हाय. जंतूच करत्यात त्यो.” तिनं मारलं न्हाय. वही पुढं केली. “हे तूच खोड.” शाळा सुटल्यापास्नं दोन वर्षांनी पेन धरला; रेघ सरळ येईना.